सोनेरी माशांचीं नांवें आणि कुळें

रंगीत माशांच्या दुकानांत काचेच्या हौदांवर चिठ्ठ्या लावलेल्या असतात. एकीवर ‘ओरांडा’ असतें, दुसरीवर ‘शुबुनकिन’, तिसरीवर ‘कॅलिको’. आणि खाऱ्या पाण्याचे मासे ठेवण्याची सोय असली तर एखाद्या हौदावर ‘पिकासो’ किंवा ‘स्नोफ्लेक’. गिऱ्हाईक चिठ्ठी वाचतें, मासा पाहतें आणि दोहोंचा मेळ बसला कीं पैसे मोजतें. चिठ्ठीवरचें नांव माशाचें रूप सांगतें कीं त्याचें कूळ सांगतें, हा प्रश्न त्या वेळीं कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु त्याच जोडीपासून घरीं पिल्लें निपजलीं, आणि शंभरांतलीं पन्नास पिल्लें आईबापांसारखीं निघालीं नाहींत, म्हणजे तो प्रश्न उभा राहतो. दुकानदारानें फसवलें, पाणी बिघडलें, कीं खाद्य चुकलें? बहुधा यांतलें कांहींच झालेलें नसतें. रूपावरून ठेवलेल्या नांवाकडून कुळाची हमी मागितली गेलेली असते, एवढेंच. ही गफलत शेंकडों वर्षांची जुनी आहे, आणि तिची कहाणी सोनेरी माशाच्या इतिहासांत पदोपदीं वाचावयास मिळते.

सोनेरी मासा मुळांत सोनेरी नव्हे. चीनच्या नद्यांतून व तळ्यांतून राहणारा, राखी-हिरवट रंगाचा, कार्प कुळांतला एक साधा खाण्याचा मासा हा त्याचा पूर्वज. चिनी लोक त्याला ‘ची’ म्हणतात. अशा असंख्य माशांत क्वचित् एखाद्याच्या अंगावरचें काळें रंगद्रव्य नाहींसें होतें आणि खालचा तांबडा-पिवळा रंग उघडा पडतो. चिन राजवंशाच्या काळांत, म्हणजे इ. स. २६५ ते ४२० या अवधींत, तांबड्या खवल्यांचे मासे पाहिल्याचा उल्लेख सांपडतो. उघड्या नदींत असा मासा फार दिवस टिकणें कठीण. बगळ्याची दृष्टि प्रथम त्याच्यावरच जाते. त्याला वांचवलें तें धर्मबुद्धीनें. पकडलेले जीव पुन्हां सोडून देण्याचें पुण्य बौद्ध लोक मोठें मानीत, आणि त्यासाठीं मठांच्या आवारांत जीवदानाचीं तळीं राखलेलीं असत. आगळ्या रंगाचा मासा हातीं लागला कीं तो न खातां अशा तळ्यांत सोडण्याची चाल पडली. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धांत च्याशिंग येथील तळें, आणि अकराव्या शतकांत हांगचौ शहराजवळ च्येनतांग नदीच्या तीरावरील ल्यूहो पॅगोड्यामागचें तळें, हीं या माशांसाठीं प्रसिद्ध होतीं. सू शुनछिन या कवीनें तेथील माशांचा उल्लेख केलेला आहे. त्या काळीं या माशाला ‘सोनेरी ची’ एवढेंच नांव होतें. नांव साधें होतें आणि खरेंहि होतें. त्यांत माशाची जात होती आणि रंगहि होता.

बाराव्या शतकांत सुंग राजवंशाची राजधानी दक्षिणेस हांगचौ येथें आली. सम्राट काओत्सुंग याला या माशांचा नाद होता आणि त्याच्या वाड्यांत त्यांच्यासाठीं तळें होतें. राजाचा नाद सरदारांना लागला, सरदारांचा सावकारांना लागला, आणि मासे पाळून विकणारांचा एक स्वतंत्र धंदा उभा राहिला. सेनापति युए फेइ याचा नातू युए को यानें १२१४ च्या सुमारास या धंद्याची हकीकत टिपून ठेवली आहे. राजधानींतले मासेवाले माशाला सोन्याचा रंग आणूं शकतात. कसा आणतात म्हणून विचारलें तर गुपित फोडीत नाहींत, असें तो सांगतो. बाजारांतल्या गटारांतील बारीक तांबडे किडे शंभर दिवस चारले म्हणजे मासा आधीं रुपेरी, मग पिवळसर आणि अखेरीस सोनेरी होतो, अशी बोलवा होती. युए को हा प्रामाणिक ग्रंथकार. हें खरें कीं खोटें तें पडताळून पाहण्यास सवड झाली नाहीं, असेंहि त्यानें लिहून ठेवलें आहे.

ही बोलवा अगदींच निराधार नव्हती. असले बारीक जलकीटक माशांच्या पिल्लांचें आजहि उत्तम खाद्य समजले जातात. आणि सोनेरी माशाचें पिल्लूं खरोखरच काळसर जन्मतें व वाढतां वाढतां रंग पालटतें. पाहणाराला खाद्य दिसत होतें आणि पालटणारा रंग दिसत होता. न दिसणारी गोष्ट एवढीच होती, कीं पिल्लांचे आईबाप सोनेरी माशांतूनच घेतलेले होते. तेंच खाद्य नदींतल्या साध्या ‘ची’च्या पिल्लाला घातलें असतें तर तें धष्टपुष्ट झालें असतें, सोनेरी झालें नसतें. युए कोच्या त्याच टिपणांत आणखी एका माशाचें वर्णन येतें. हिमासारखें पांढरें अंग आणि त्यावर लाखेसारखे चकचकीत काळे डाग. त्याचें नांव ‘कासवपाठी मासा’. सोनेरी माशाच्या वाणांना रूपावरून जीं असंख्य नांवें पुढें मिळालीं, त्यांतलें हें फार जुनें. डोळ्यांना जें दिसलें त्यावरून नांव पडलें. वंशांत काय चाललें होतें तें पडद्याआडच राहिलें.

मिंग राजवंशाच्या काळांत मासा तळ्यांतून रांजणांत आला, आणि हा बदल दिसतो त्याहून पुष्कळ मोठा होता. तळ्यांत शेंकडों मासे एकत्र असत. कोणत्या नराची व कोणत्या मादीची संगत झाली हें कोणाला सांगतां येत नसे. रांजणांत मालकाच्या इच्छेनें जोडी जमूं लागली. तळ्यांत अधू मासा उपाशीं मरे. रांजणांत त्याच्या तोंडाशीं घास येऊं लागला. त्यामुळें दुहेरी शेंपटीचे, फुगीर अंगाचे, बटबटीत डोळ्यांचे मासे जगले आणि त्यांचा वंश वाढला. हांगचौचा ग्रंथकार लांग यिंग सांगतो, कीं १५४८ पासून शहरांत लालभडक रंगाच्या ‘अग्निमत्स्या’चें वेड पसरलें. ज्याला त्याची आवड नाहीं असा मनुष्य नाहीं, ज्यांत तो नाहीं असें घर नाहीं. कोणाकडे दहादहांहून अधिक रांजण, आणि रंगाच्या चढाओढींत पैसा मिळविण्याची हांव. १५९६ मध्यें ली शिचेन याचा प्रसिद्ध औषधिकोश छापला गेला. पिल्लें काळीं जन्मतात आणि पुढें तांबडीं होतात, हें त्यांत नोंदलेलें आहे. पूर्वीं दुर्मिळ असलेला हा मासा आतां घरोघर दिसतो, असेंहि त्यांत म्हटलें आहे.

त्याच वर्षीं चांग छ्येनते या तरुण रसिकानें ‘हिंगुळी माशां’वर एक छोटा ग्रंथ लिहिला. केवळ सोनेरी माशांना वाहिलेला असा हा पहिलाच ग्रंथ होय. त्यांत निवडीचा नियम स्वच्छ शब्दांत सांगितलेला आहे. राज्यकर्त्यानें माणसें निवडावीं तशी माशांची निवड करावी: गोळा करतांना हात सैल ठेवावा, निवडतांना नजर कठोर ठेवावी. दर उन्हाळ्यांत बाजारांतून मासे आणून निरनिराळ्या रांजणांत वाढवावे, रोज त्यांतले हिणकस काढून टाकावे, आणि शंभरांत एकदोनच राखावे. म्हणजे अपूर्व नमुने आपोआप जमतात. वंशशास्त्र जन्मास येण्याच्या तीनशें वर्षें आधीं एका चिनी रसिकानें कृत्रिम निवडीची सबंध रीत अशी थोडक्यांत सांगून टाकली. मात्र शंभरांतले अठ्ठ्याण्णव कां वाया जातात, याचा विचार करण्याचें त्याला कारण पडलें नाहीं. फेकण्याजोगे म्हणून ते फेकले जात.

वाण वाढले तशीं नांवेंहि वाढलीं. चांग छ्येनतेचा समकालीन ग्रंथकार तू लुंग यानें त्या नांवांची एक लांबलचक माळच दिली आहे: ‘सोन्याचें शिरस्त्राण’, ‘सोन्याचें खोगीर’, ‘जरीचें पांघरूण’, ‘क्रौंचाचा तुरा’, ‘वाहत्या पाण्यावरचीं फुलें’, ‘अष्टदल कमलासन’. प्रथम लोकांना एकरंगी तांबडा किंवा एकरंगी पांढरा मासा आवडे, मग पाठीवरच्या पट्ट्यांची आवड आली, मग डोळ्यांच्या रंगांची. आवड बदलली कीं नांव बदलावें, आणि किंमतहि बदलावी. भर म्हणून बनावट मासेहि बाजारांत आले. शेवटीं तू लुंग एक मार्मिक शेरा मारतो: हीं नांवें ज्याच्या त्याच्या मर्जीनें पडलेलीं आहेत, आणि त्यांच्यामागें कायमचा असा रंग नाहीं. आपल्याकडे ‘नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा’ अशी म्हण आहे. रांजणांतल्या कित्येक सोनूबाईंची स्थिति याहून फारशी निराळी नव्हती. पांढऱ्या अंगावर तांबडा डाग नेमका डोक्यावरच उमटावा हें जोडी जमवणाराच्या हातीं नव्हतें, आणि वय वाढतांना तो डाग राहील कीं फिका पडेल याचीहि शाश्वति नव्हती. त्या नांवानें एका माशाचें वर्णन होत होतें, वाणाचें नव्हे.

चीनमधून हे मासे जपानांत गेले. १५०२ मध्यें ते साकाई बंदरांत प्रथम उतरले, असें जपानी परंपरा सांगते. १७२४ मध्यें यानागिसावा हें सरदार घराणें काइ प्रांतांतून यामातो-कोरियामा येथें आलें, त्यांच्याबरोबर त्यांचे सोनेरी मासेहि आले. पुढें तेथल्या तुटपुंज्या पगाराच्या सामुराईंनीं माशांची पैदास हा जोडधंदा केला, आणि तें शहर आजहि त्याच धंद्यासाठीं ओळखलें जातें. १७४८ मध्यें साकाईच्या एका जाणकारानें सोनेरी मासे पाळण्याच्या विद्येवर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. जपान्यांनीं ही विद्या चीनपासून घेतली खरी. पण नांवांच्या बाबतींत त्यांच्याकडे दोन तऱ्हा दिसून येतात.

पहिली तऱ्हा ‘ओरांडा’ या नांवाची. डोक्यावर मांसल गुच्छ असलेला हा मासा. ‘ओरांडा’ म्हणजे जपानी भाषेंत हॉलंड. माशाचा हॉलंडशीं कांहींएक संबंध नाहीं. तो चिनी वंशाचा. परंतु त्या काळीं परदेशी व्यापार डच लोकांच्या हातीं, त्यामुळें जें जें नवलाचें आणि बाहेरून आलेलें, तें तें ‘डच’. नांवानें कूळ सांगितलें, आणि तेंहि चुकीचें सांगितलें. दुसरी तऱ्हा ‘तोसाकिन’ या नांवाची. तोसा हा आजच्या कोची प्रांताचा जुना मुलूख. तेथें पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेला, पंख्यासारख्या पसरट शेंपटीचा मासा तो तोसाकिन. नांवांत रूपाची फुशारकी नाहीं. गांव मात्र आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४५ मध्यें, कोची शहरावर बाँबवर्षाव झाला आणि १९४६ च्या डिसेंबरांत मोठा भूकंप होऊन समुद्र आंत शिरला. तोसाकिनचा वंश संपला असें लोक समजून चालले. एका रसिकाला शोधाशोध करून मूठभर मासे मिळाले, आणि त्यांच्यापासून सबंध वाण पुन्हां उभा राहिला. १९६९ मध्यें कोची प्रांतानें त्याला नैसर्गिक स्मारक म्हणून मान दिला. त्या मूठभर माशांची शेंपटी पाहून दुसऱ्या कोणी त्यांची सांगड भलत्याच माशांशीं घातली असती, तर तसलीच पसरट शेंपटी कदाचित् आणखी कांहीं पिढ्या दिसत राहिली असती. तोसाचें कूळ मात्र तेथेंच संपलें असतें.

विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास टोकियोतील आकियामा किचिगोरो या पैदासकारानें निरनिराळ्या वाणांचे संकर करून कित्येक नवे मासे तयार केले. त्यांत ‘शुबुनकिन’ हा एक होता. पांढऱ्या-निळसर अंगावर तांबडे व काळे ठिपके, कांहीं खवले चकचकीत तर कांहीं जवळजवळ पारदर्शक, असें त्याचें रूप. अशा चित्रविचित्र अंगाच्या माशांना अमेरिकन व्यापारामुळें ‘कॅलिको’ हें नांव मिळालें. अमेरिकेंत छापील चिटाच्या कापडाला कॅलिको म्हणतात, आणि त्या शब्दाचें मूळ मलबारांतलें कालिकत बंदर. तेथून युरोपांत गेलेल्या सुती कापडाचें नांव अशा रीतीनें एका चिनी-जपानी माशाच्या अंगावर चढलें. नांव मोठें चपखल. पण तेंहि पुन्हां वस्त्राचें नांव होतें, देहाचें नव्हे.

युरोपांत हा मासा सतराव्या शतकांत पोंचला आणि अठराव्या शतकांत श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत मिरवूं लागला. १७५८ मध्यें स्वीडनच्या लिनीयस यानें त्याला शास्त्रीय नांव दिलें, आणि त्या नांवांत ‘सोनेरी’ हेंच विशेषण घातलें. आज त्या नांवाचें रूप ‘कॅरासियस ऑरेटस’ असें आहे. शास्त्राच्या दृष्टीनें ओरांडा, तोसाकिन, शुबुनकिन हे सर्व एकाच नांवाखालीं येतात. जातीच्या आंतल्या वाणांचीं नांवें पाळणारांनींच ठेवावयाचीं. १७८० मध्यें पॅरिसला सोविन्यी यानें पेकिंगहून आलेल्या चित्रांच्या आधारें एक सुंदर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत ८९ प्रकारच्या माशांचीं रंगीत चित्रें होतीं. डार्विननें १८६८ मध्यें पाळीव प्राण्यांवरील आपल्या ग्रंथांत या ८९ चित्रांचा उल्लेख करून एक शंका काढली: तिहेरी शेंपटीसारख्या कित्येक प्रकारांना वाण न म्हणतां विकृति म्हटलें पाहिजे, पण वाण कोठें संपतो आणि विकृति कोठें सुरू होते ती रेघ ओढणें कठीण आहे. चित्राकडे पाहून ती रेघ ओढतां येत नाहीं, हेंच खरें. त्यासाठीं पिल्लें मोजावीं लागतात.

पिल्लें मोजण्याची विद्या मेंडेलनें १८६६ मध्यें वाटाण्याच्या रोपांवरून शिकवली होती. १९०० मध्यें जगानें ती नव्यानें ओळखली. सोनेरी माशाला ती लावली चीनच्याच एका पुत्रानें. छन चेन हे अमेरिकेंत मॉर्गन यांच्याजवळ वंशशास्त्र शिकून मायदेशीं परतले आणि रांजणांतल्या माशांकडे वळले. १९२८ मध्यें त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या निबंधानें कॅलिकोचें कोडें सुटलें.

कोडें असें होतें. कॅलिको नर व कॅलिको मादी यांची जोडी लावली, तर पिल्लांपैकीं साधारण निम्मींच कॅलिको निघत. उरलेल्यांपैकीं अर्धीं सामान्य चकचकीत खवल्यांचीं, आणि अर्धीं पारदर्शक खवल्यांचीं, ज्यांच्या आंतले कल्ले बाहेरून दिसावे अशीं. रसिक हीं दोन्ही तऱ्हेचीं पिल्लें बिघडलेलीं समजून काढून टाकीत आणि पुढच्या वर्षीं अधिक चांगली कॅलिको जोडी शोधीत. दुसऱ्या वर्षीं पुन्हां तेंच प्रमाण. छन यांनीं दाखवलें, कीं प्रत्येक माशाला खवल्यांच्या या गुणाचा एक अंश आईकडून आणि एक बापाकडून मिळतो. दोन्ही अंश सामान्य असले तर मासा सामान्य. दोन्ही पारदर्शक असले तर मासा पारदर्शक. आणि एक एक मिळाला तर कॅलिको. म्हणजे कॅलिको हा मुळीं स्वतंत्र वाणच नव्हे. तो दोन वाणांचा मिलाफ. कितीहि पिढ्या निवड केली तरी कॅलिकोपासून निव्वळ कॅलिको मिळणार नाहीं. सर्वच्या सर्व पिल्लें कॅलिको हवीं असतील तर सामान्य मासा आणि पारदर्शक मासा यांची जोडी लावली पाहिजे. ज्या दोघांना रसिकानें टाकाऊ ठरवलें होतें, त्या दोघांचाच वंश शुद्ध चालतो. ज्याला तो डोक्यावर घेऊन नाचत होता, त्याचा चालत नाहीं!

महाराष्ट्रांतल्या वाचकाला हें नवल वाटावयास नको. हापूस आंब्याची कोय पेरून हापूस येत नाहीं, त्याचें कलमच करावें लागतें, हें कोंकणांतलें पोरहि जाणतें. परंतु माशाचें कलम होत नाहीं. तेथें नांव टिकवावयाचें तर आईबापांचा हिशेबच ठेवावा लागतो. छन यांनीं १९३४ मध्यें आणखी दोन रंगांचा उलगडा केला. निळा रंग एका अंशाच्या जोडीवर अवलंबून असतो, तर तपकिरी रंगाला अंशांच्या चार जोड्या जुळून याव्या लागतात. दुकानांत हे दोन मासे शेजारीं शेजारीं ठेवले तर ‘निळा’ आणि ‘तपकिरी’ हीं दोन सारख्याच तोलाचीं नांवें वाटतात. पैदास करणाराला मात्र एक सोपें आणि दुसरें अतिशय दुर्घट. नांवांतून ही गोष्ट कोणाला कळणार? दुहेरी शेंपटीचा उलगडा तर फार उशीरां, २०१४ मध्यें, संशोधकांनीं केला. गर्भावस्थेंत शरीराची पाठ व पोट यांची मांडणी ठरविणाऱ्या एका जनुकांतील बिघाड हें तिचें कारण निघालें. डार्विनला ज्या रेघेची अडचण पडली होती ती रेघ डोळ्यांना न दिसणाऱ्या जागीं होती.

या सर्व इतिहासाला आज नवें महत्त्व आलें आहे, कारण सोनेरी माशाला जें हजार वर्षांत घडलें तें समुद्रांतल्या एका माशाला पन्नास वर्षांत घडत आहे. समुद्रफुलांच्या विषारी बाहूंत निर्धास्त राहणारा, नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा, म्हणजेच क्लाउनफिश, १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत काचेच्या हौदांत व्यापारी प्रमाणावर वाढवला जाऊं लागला. २००३ मध्यें ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटानें त्याला घरोघर नेलें. या माशाचें जीवन विलक्षण आहे. सर्व मासे नर म्हणून वाढतात, आणि समूहांतला सर्वांत मोठा मासा मादी होतो. त्यामुळें जोडी जमवणें सोपें, आणि निवडीला वाव मोठा.

येथेंहि पहिला घोटाळा नांवाचाच. बाजारांत एकाच नांवानें विकले जाणारे हे मासे मुळांत दोन जातींचे. ‘पर्क्युला’ या जातीचें वर्णन फ्रान्सच्या लासेपेदनें १८०२ मध्यें केलें, आणि ‘ओसेलारिस’चें क्यूव्हियेनें १८३० मध्यें. रूप जवळजवळ एक. पाठीवरच्या परांतले कांटे मोजावे तर पहिल्याला बहुधा दहा, दुसऱ्याला बहुधा अकरा. इतका बारकावा दुकानांत कोण पाहतो? हौदांत या दोन जातींचा संकरहि सहज होतो, आणि त्या संकराच्या पिल्लांना आईबापांपैकीं कोणाचेंहि नांव चिकटतें. त्यावर रंगाच्या नांवांचा थर. पट्टे फुटून अंगभर पसरले तर ‘पिकासो’, अंग सगळें पांढरें झालें तर ‘प्लॅटिनम’. पर्क्युलाच्या पैदासकारांचा अनुभव असा, कीं दोन पिकासोंच्या पिल्लांत सुमारें चौथा हिस्सा प्लॅटिनम, निम्मीं पिकासो आणि चौथा हिस्सा साधीं निघतात. हें प्रमाण ओळखीचें आहे. पिकासो हा समुद्रांतला कॅलिको. छन यांनीं १९२८ मध्यें सांगितलेलीच गोष्ट तो नव्या वेषांत सांगतो.

याच्या उलट तोसाकिनसारखें गांव सांगणारें नांवहि या माशांत आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोंकाला डार्विन शहराजवळच्या समुद्रांत ओसेलारिस जातीचे मासे नारिंगी नसून काळे असतात. तो रंग कोणा पैदासकारानें घडवलेला नाहीं. त्या किनाऱ्यानें घडवलेला आहे. या काळ्या माशाची नारिंगी माशाशीं जोडी लावली तर मधल्या रंगाचीं पिल्लें निघतात, आणि त्यांच्यापासून पुढें निवड करीत गेलें तर पुन्हां काळा मासा मिळूं शकतो. तोहि ‘डार्विन’ म्हणून विकला गेला, तर डोळ्यांना कसलीच फसवणूक दिसणार नाहीं. परंतु त्या किनाऱ्यावरचे मासे उद्यां कोणत्याहि कारणानें विरळ झाले, आणि हौदांतल्या माशांतून तो वंश पुन्हां उभा करण्याची वेळ आली, तर कोणता मासा खरा डार्विनचा हें कोणाला सांगतां येईल? तोसाच्या मूठभर माशांविषयीं ती खात्री होती. म्हणूनच तोसाकिन आज आहे. विदूषक माशांच्या पैदाशीची विद्या आतां भारतांतहि आली आहे. नव्या मुंबईंत ऐरोली येथें खाडीकांठच्या केंद्रांत असे मासे निपजवण्याची व्यवस्था उभारण्यांत आली. त्यामुळें हा प्रश्न आतां आपल्या दारांतलाहि आहे.

मग योग्य नांव तें कोणतें? सुंदर नांवांना कोणाचा विरोध असण्याचें कारण नाहीं. ‘वाहत्या पाण्यावरचीं फुलें’ म्हटल्यानें माशाचें कांहीं बिघडत नाहीं, आणि चिनी रसिकाचें कवित्व मात्र दिसतें. परंतु त्या सुंदर नांवाच्या पाठीमागें तीन साध्या गोष्टी लिहिलेल्या असाव्या: मासा कोणत्या जातीचा, त्याचे आईबाप कोणते, आणि त्याचा वंश मुळांत कोणत्या पाण्यांतला. पहिल्या गोष्टीनें संकर लपत नाहीं, दुसरीनें पिल्लांचें प्रमाण आधींच कळतें, आणि तिसरीनें एखादा किनारा किंवा एखादें गांव विस्मृतींतून वांचतें. हा हिशेब ठेवण्यास मोठी विद्या लागत नाहीं. एक वही लागते आणि खरें लिहिण्याची संवय लागते. युए कोच्या काळच्या मासेवाल्यांनीं आपलें गुपित सांगितलें नाहीं. बहुधा त्यांनाहि तें पुरतें ठाऊक नव्हतें. आतां तें ठाऊक झालेलें आहे, आणि ठाऊक असून चिठ्ठीवर न लिहिणें याला मात्र अज्ञान म्हणतां येणार नाहीं.